फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी नर्सला स्वतःची खोली, चहा-साखर आणि पगार का दिला?

दरवर्षी १२ मे ही तारीख आली की रुग्णालयांमध्ये परिचारिका दिन साजरा होतो. फोटोला हार घातला जातो, दिवे लावले जातात, शपथ होते, दोन-चार भाषणं होतात. भाषणांमध्ये एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे सेवा. नर्स म्हणजे सेवेची मूर्ती, हातात दिवा घेऊन फिरणारी माउली. कार्यक्रम संपतो आणि तीच सिस्टर परत वॉर्डात जाऊन एकटीने दोघींचं काम ओढायला लागते. सकाळी आणलेला डबा दुपारी चारला उघडला तर उघडला.

फोटोतल्या बाई म्हणजे फ्लोरेन्स नाइटिंगेल. शाळेच्या पुस्तकात त्यांची गोष्ट दिव्यापाशी सुरू होते आणि दिव्यापाशीच संपते. खरं तर युद्धातलं त्यांचं काम पावणेदोन वर्षांचं. त्यानंतर त्या तब्बल ५४ वर्षं जगल्या. या काळात एक साधा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. जी बाई दिवसरात्र दुसऱ्यांची काळजी घेते, तिला ते काम वर्षानुवर्षं नीट आणि समाधानानं करता यावं यासाठी काय काय लागतं? त्यांचं उत्तर भाषणांतल्या उत्तरापेक्षा बरंच वेगळं होतं. ते कसं तयार झालं, हे त्यांच्या आयुष्यातून कळतं.

घरात सगळं होतं, काम नव्हतं

फ्लोरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात झाला. आईवडील तेव्हा युरोपच्या लांबलचक प्रवासाला निघाले होते आणि मुलींना गावांची नावं द्यायची त्यांची हौस होती. थोरल्या बहिणीचा जन्म नेपल्सचा, म्हणून तिचं नाव त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून पार्थेनोपी ठेवलं. इंग्लंडमध्ये या कुटुंबाची दोन मोठी घरं होती, डर्बीशरमध्ये ली हर्स्ट आणि हॅम्पशरमध्ये एम्बली. वडील विल्यम नाइटिंगेल यांनी दोन्ही मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवलं. फ्लोरेन्स यांना त्याहून जास्त ओढ गणिताची आणि आकड्यांची होती.

पण शिकून करायचं काय? त्या काळच्या श्रीमंत इंग्रज घरातल्या मुलीनं पाहुण्यांचं आगतस्वागत करावं, भरतकाम करावं, पियानो वाजवावा आणि चांगलं स्थळ आलं की लग्न करावं. १८३७ मध्ये, सोळाव्या वर्षी, देवानं आपल्याला सेवेसाठी बोलावलं आहे असा अनुभव आल्याची नोंद त्यांनी करून ठेवली. कोणती सेवा, हे मात्र उमगायला आणखी काही वर्षं गेली. १८४५ मध्ये त्यांनी घरी सांगितलं, की सॅलिस्बरीच्या रुग्णालयात राहून मला रुग्णांची शुश्रूषा शिकायची आहे. घरात आकांत झाला.

आईवडिलांची भीती अगदीच निराधार नव्हती. तेव्हा रुग्णालयातली नर्स म्हणजे जवळजवळ मोलकरीण. पगार तुटपुंजा, शिक्षण काहीच नाही, झोपायला बऱ्याचदा वॉर्डातलाच किंवा वॉर्डाला लागून असलेला कोपरा. बऱ्याच जणी दारूच्या आहारी गेलेल्या. चार्ल्स डिकन्स यांनी १८४३-४४ मध्ये क्रमशः लिहिलेल्या मार्टिन चझलविट या कादंबरीतली दारुडी, बेफिकीर सेरी गॅम्प लोकांना इतकी ओळखीची वाटली, की तिचं नावच अशा नर्सची ओळख बनलं. लोकांचा निष्कर्ष सरळ होता, या कामाला बायकाच वाईट येतात. असं काम असेल तर चांगली बाई त्यात टिकेल कशी, हा उलटा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हतं.

परवानगी मिळाली नाही. पुढची कित्येक वर्षं फ्लोरेन्स पहाटे उठून रुग्णालयांचे अहवाल आणि आकडेवारी वाचत आणि दिवस उजाडला की दिवाणखान्यात येऊन बसत. नऊ वर्षं ओळख असलेल्या रिचर्ड माँक्टन मिल्न्स यांनी लग्नाची मागणी घातली होती. माणूस आवडत असूनही १८४९ मध्ये त्यांनी नकार दिला, कारण लग्नानंतरही हाच दिवाणखाना वाट्याला येणार होता. १८५२ च्या सुमाराला त्यांनी कॅसॅन्ड्रा नावाचा निबंध लिहिला. सुखवस्तू घरातल्या बायकांचा वेळ कुणीही केव्हाही मागावा असा असतो, मनाला आणि बुद्धीला खाद्य मिळत नाही आणि आयुष्य उपाशी राहतं, असा त्याचा रोख होता. तो निबंध त्यांच्या हयातीत सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचलाच नाही, १९२८ मध्ये तो खुला झाला.

म्हणजे समाधान देणारं काम नसलं की माणसाचं काय होतं, हे त्यांनी आधी स्वतःवर अनुभवलं होतं.

पहिली नोकरी: गरम पाणी, लिफ्ट आणि घंटा

१८५० आणि १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथं प्रॉटेस्टंट सेविकांच्या संस्थेत जाऊन शुश्रूषेचं काम पाहिलं आणि शिकलं. अखेर १८५३ मध्ये, ३३ व्या वर्षी, त्यांना पहिलं काम मिळालं. लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर हलाखीत सापडलेल्या सभ्य घरांतल्या आजारी स्त्रियांसाठी एक छोटं रुग्णालय होतं. त्याच्या व्यवस्थापक म्हणून त्या रुजू झाल्या. पगार नव्हता. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड बांधून दिले होते.

जागा ताब्यात येण्याआधीच त्यांनी समितीपुढे मागण्यांची यादी ठेवली. प्रत्येक मजल्यावर नळानं गरम पाणी हवं. स्वयंपाकघरातून रुग्णांचं जेवण वर चढवायला हातानं चालवायची लिफ्ट हवी. रुग्णानं घंटा वाजवली की ती नर्सच्या दाराबाहेर वाजावी आणि कुणी बोलावलं हे दाखवणारी झडप उघडीच राहावी, म्हणजे नर्सला दारोदार विचारत फिरायला नको.

या यादीत आराम वाटावा असं वरकरणी काहीच नाही. पण जिने चढून-उतरून गरम पाण्याच्या बादल्या आणि जेवणाची ताटं वाहणाऱ्या बाईला विचारा. नर्सनं आपला मजला सोडावाच लागू नये, असा त्यांचा हिशेब होता. तिचे पाय वाचले की तिचं लक्ष रुग्णावर राहतं. काम कमी करा असं त्या म्हणत नव्हत्या. नर्सला नर्सचंच काम करू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आजही औषधांचे खोके आणणं, रजिस्टर भरणं, लिनन मोजणं यात अर्धी ड्यूटी घालवणाऱ्या कोणत्याही सिस्टरला हे पटेल.

स्कुटारी: टोपीची तक्रार आणि ३८ जणींची कोंडी

१८५४ मध्ये ब्रिटन क्रायमियाच्या युद्धात उतरलं. ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला. जखमी ब्रिटिश सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांत छापून आले तेव्हा लंडनमध्ये संतापाची लाट उठली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लोरेन्स यांचे मित्र. त्यांनी नर्सची तुकडी घेऊन जाण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ जणींना घेऊन त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी इथं पोहोचल्या.

या ३८ मध्ये २४ जणी वेगवेगळ्या ख्रिस्ती संस्थांच्या होत्या आणि १४ जणी रुग्णालयात पगारावर काम केलेल्या. त्यांच्यासाठी पगार लंडनपेक्षा चांगला ठरवला होता, आठवड्याला १२ ते १४ शिलिंग, शिवाय राहणं, जेवण आणि गणवेश. गणवेश मात्र घाईत शिवलेला, करडा, ढगळ आणि जाडाभरडा होता. पांढरी टोपी तर काहींना मुळीच आवडली नाही. टोपी अशी असेल हे आधी कळलं असतं तर आपण आलोच नसतो, अशी तक्रार एका नर्सनं केली. नाइटिंगेल यांनी हे थोड्या गमतीनं आणि थोड्या वैतागानं पत्रातून कळवलं. एवढ्या मोठ्या युद्धात टोपीचं काय घेऊन बसलात, असं वाटू शकतं. पण अंगावरचा पोशाख आपला मान राखतो की घालवतो, हा प्रश्न काम करणाऱ्या माणसाला कुठल्याही प्रसंगात छोटा वाटत नाही.

राहायला जागा मिळाली ती मोजक्या खोल्यांची. त्यांतल्या एकीत रशियन सेनाधिकाऱ्याचं प्रेत होतं. लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. नाइटिंगेल यांनी भांडण केलं नाही. डॉक्टर बोलावत नाहीत तोवर वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम त्यांनी आपल्या नर्सना दिला. त्या पट्ट्या आणि चादरी शिवत बसल्या. काही दिवसांत जखमींचे लोंढे आले आणि डॉक्टरांनी स्वतःच बोलावलं.

प्रसिद्ध दिवा इथलाच. आपल्याकडच्या चित्रांत तो पणतीसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो घडी घालता येणारा तुर्की कंदील होता. रात्री रांगाच्या रांगा खाटांमधून त्या फिरत. पण दिव्यानं मृत्यू थांबले नाहीत. फेब्रुवारी १८५५ मध्ये रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ च्या आसपास गेलं. मार्चमध्ये सरकारचं स्वच्छता पथक आलं, इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ झाली, पाणी आणि हवा सुधारली आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा २ वर उतरलं. घरी परतल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञांबरोबर बसून नाइटिंगेल यांनी हे आकडे तपासले, तेव्हा व्यवस्था सडलेली असेल तर एकटी माया पुरी पडत नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. रुग्णांबाबत शिकलेला हा धडा पुढे त्यांनी नर्सच्या बाबतीतही वापरला.

१८६० ची शाळा: प्रत्येकीला एक दार

युद्ध चालू असतानाच कृतज्ञ जनतेनं त्यांच्या नावानं निधी उभारला. तो ४४ हजार पौंडांच्या वर गेला. त्यातून १८६० च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या.

शाळेच्या अटी वाचल्या तर नाइटिंगेल यांच्या डोक्यात काय होतं ते कळतं. प्रशिक्षण एक वर्षाचं. फी नाही. उलट शिकाऊ नर्सला खर्चासाठी वर्षाला १० पौंड. राहणं, जेवण, चहा-साखर, कपडे धुण्याची सोय आणि गणवेश संस्थेकडून. आणि प्रत्येकीला झोपायला स्वतंत्र खोली.

वॉर्डाच्या कोपऱ्यात झोपणाऱ्या बाईला स्वतःचं दार मिळणं म्हणजे काय, हे हॉस्टेलच्या एका खोलीत सहा-सहा जणींनी नाइट ड्यूटीची झोप काढणाऱ्या मुलींना वेगळं सांगायला नको. दार लावता आलं की ड्यूटी संपते. झोप पुरी होते, पत्र लिहिता येतं, रडताही येतं. चहा-साखरेचंही तसंच. ती अटींमध्येच लिहिली की मेहरबानी राहत नाही, हक्क होतो.

दुसरी मोठी गोष्ट अधिकाराची. नर्सवर हुकमत नर्सिंग जाणणाऱ्या स्त्रीचीच, म्हणजे मेट्रनची हवी, कारभाऱ्याची किंवा डॉक्टरची नको, हे त्यांनी लावून धरलं. आपलं काम ज्याला कळतं त्यानंच आपल्या कामाचं मोजमाप करावं, हा त्यामागचा विचार. आणि तिसरी गोष्ट पगाराची. १८६० च्या दशकात विल्यम फार यांना लिहिताना त्यांनी स्पष्ट केलं होतं, की आपल्याला सेविकांचा धर्मपंथ काढायचा नाही, स्त्रियांसाठी चांगल्या पगाराचा पेशा उभा करायचा आहे. सेवेच्या भाषणांत हे वाक्य सहसा येत नाही.

शाळा काही स्वर्ग नव्हती. शिस्त कडक होती, प्रत्येकीच्या वागण्याची नोंद ठेवली जाई, शिकून झाल्यावर काही वर्षं संस्था सांगेल तिथं नोकरी करावी लागे. सुरुवातीच्या तुकड्यांतल्या बऱ्याच जणी आजारपणामुळे किंवा इतर कारणांनी मध्येच गळाल्या.

नर्सही मरते, याचा तक्ता

रुग्णालयांच्या रचनेवर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत एक वेगळाच तक्ता आहे. लंडनच्या १५ रुग्णालयांतल्या मेट्रन, सिस्टर आणि नर्स यांच्या मृत्यूंचा. शहरातल्या त्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा नर्स संसर्गजन्य रोगांनी कितीतरी जास्त मरत होत्या. नर्स मेली तर तो तिच्या त्यागाचा पुरावा, असं लोक मानत. नाइटिंगेल यांच्या मते तो रुग्णालयाच्या नालायकीचा पुरावा होता.

तक्त्यातलं हे सत्य लवकरच घरापर्यंत आलं. लिव्हरपूलमध्ये निराधार, कंगाल माणसांना ठेवण्याच्या सरकारी गरीबगृहाचं एक प्रचंड रुग्णालय होतं. तिथल्या आजाऱ्यांची देखभाल त्याच गरीबगृहातल्या, काहीही न शिकलेल्या बायका करत. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्यानं खर्चाची जबाबदारी घेतली आणि १८६५ मध्ये अॅग्नेस जोन्स ही नाइटिंगेल यांची आवडती विद्यार्थिनी १२ नर्स घेऊन तिथं गेली. तिनं रुग्णालयाचा कायापालट केला, पण कामाचा डोंगर कधी उतरला नाही. फेब्रुवारी १८६८ मध्ये टायफसनं ती गेली. वय ३५.

नाइटिंगेल यांनी तिच्यावर लेख लिहिला आणि तिची जागा घ्यायला मुलींनी पुढे यावं असं आवाहन केलं. इथं त्यांच्यातला पेच उघड दिसतो. आकडे मांडणारी बाई म्हणत होती, की नर्सचं मरण ही व्यवस्थेची चूक आहे. देवाची हाक ऐकलेली बाई त्याच मरणाचा गौरव करत होती. हा पेच त्यांना शेवटपर्यंत सुटला नाही.

स्वतःच्या बाबतीत तर त्यांनी आपलेच नियम पाळले नाहीत. क्रायमियात जडलेल्या दुखण्यानं १८५७ पासून त्या बराच काळ अंथरुणाला खिळून होत्या आणि तिथूनच पहाटेपासून लिहीत असत. भारतात त्या कधीच आल्या नाहीत, पण इथल्या छावण्यांचे, गावांच्या पाण्याचे आणि दुष्काळाचे कागद त्यांच्या खाटेवर पसरलेले असत. १८६५ मध्ये भारतातल्या रुग्णालयांसाठी नर्सिंगची योजनाही त्यांनी लिहून दिली. सरकारला खर्च जड वाटला.

१८७२ च्या सुमाराला शाळेतलं शिक्षण ढिलं पडल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मग त्या एकेका शिकाऊ नर्सला घरी बोलावून भेटू लागल्या. कामात काय अडतं, कोण शिकवतं, तब्येत कशी आहे, हे विचारून टिपून ठेवू लागल्या. नव्या गावी मेट्रन म्हणून गेलेल्या मुलीला फुलं जात, आजारी नर्सला खाऊची टोपली जाई. वेळोवेळी त्या सगळ्यांना एक लांब पत्र लिहीत. आज ज्याला कर्मचाऱ्यांच्या समाधानाची पाहणी म्हणतात, ती ही बाई आपल्या खोलीत बसून, एकेकीला समोर बसवून करत होती.

नोंदणीचा वाद: गुरू एकीकडे, पेशा दुसरीकडे

१८८७ मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन केली. फेनविक विशीत असतानाच लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन झालेल्या होत्या. त्यांची मागणी होती, की नर्सिंगचं प्रशिक्षण तीन वर्षांचं असावं, परीक्षा असावी आणि उत्तीर्ण झालेल्यांचीच अधिकृत नोंदवही असावी. कुणीही उठून स्वतःला नर्स म्हणवू लागलं तर शिकलेल्या नर्सचा पगार आणि मान दोन्ही खाली येणार, हे त्यांचं म्हणणं.

नाइटिंगेल यांनी याला कडाडून विरोध केला. परीक्षेत स्वभाव कळत नाही. आज नोंद झालेली नर्स दहा वर्षांनी कशी असेल हे वहीतून दिसत नाही. नर्सिंगमध्ये माणूस रोज शिकतो, शिक्का मारला की शिकणं थांबतं. मुद्दे खोटे नव्हते. पण त्या प्रत्येक मुलीला स्वतः ओळखत होत्या, पाठीशी निधी होता, शब्दाला देशभर वजन होतं. ज्या नर्सच्या पाठीशी कुठलीही नाइटिंगेल नाही, तिला मालकापुढे उभं राहायला एक कागद लागतो, ही गोष्ट फेनविक यांना जास्त कळली होती. कामाला देवाची हाक म्हटलं की पगाराचा विषय काढणं कमीपणाचं वाटू लागतं, आणि याचा फायदा नर्सला होत नाही.

१९०७ मध्ये नाइटिंगेल यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांचं लंडनमध्ये निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा प्रस्ताव कुटुंबानं नाकारला. हॅम्पशरमधल्या ईस्ट वेलो गावी साध्या थडग्यावर फक्त नावाची आद्याक्षरं आणि तारखा आहेत. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१९ मध्ये, ब्रिटनमध्ये नर्स नोंदणीचा कायदा झाला. नोंदवहीत पहिलं नाव एथेल फेनविक यांचं होतं.

आपल्यापर्यंत काय पोहोचलं?

भारतात फेनविक यांचीच बाजू कायद्यात आली. १९४७ च्या कायद्यानं भारतीय परिचर्या परिषद झाली आणि आज महाराष्ट्रात काम करणाऱ्या नर्सला राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करावीच लागते. नाइटिंगेल यांच्या नावानं केंद्र सरकार १९७३ पासून राष्ट्रीय पुरस्कार देतं. नर्सिंग कॉलेजांत दिवे लावून त्यांच्या नावाची शपथ घेतली जाते. ही शपथ त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथल्या एका समितीनं ती तयार केली.

म्हणजे दिवा आला, शपथ आली, नोंदवही आली. खोली, झोप, पुरेशा जणींची ड्यूटी आणि कायमचा पगार यांचं काय? मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या शासकीय रुग्णालयांतल्या परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा सेवेच्या पेशात संप शोभतो का, असा सूर नेहमीप्रमाणे निघाला. हार्ली स्ट्रीटची यादी आणि सेंट थॉमसच्या अटी माहीत असलेल्या माणसाला तो प्रश्न उलटा दिसेल. नर्सच्या सोयी हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे, हे नाइटिंगेल यांनी आधी कागदावर आणि मग विटा-दारांत मांडून दाखवलं होतं. गरम पाण्याचा नळ आणि आतून लावता येणारी कडी मागायला त्यांना कधीच कमीपणा वाटला नाही.